खाप्याचे वीस गुडघे

लोक नागपूरला जातात ते संत्र्यांसाठी, दीक्षाभूमीसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, नाहीतर वाघ बघायला जाताना एका मुक्कामासाठी. मी गेले ती गुडघ्यांतलं पाणी आणायला. परत आल्यापासून मिरजेतले शेजारी विचारतात, "काय काय पाहिलंत नागपूरला?" मी खरं ते सांगते, "गुडघे." मग ते घाईघाईनं पावसापाण्याचं बोलू लागतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं, म्हणून हा खटाटोप.

आधी थोडं कामाचं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत आहे. आपल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते, आणि ती गादी कोलॅजन नावाच्या धाग्यांनी विणलेली असते. हे धागे कापणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शरीरातच तयार होतं. तब्येत ठीक असेल तोवर ते बेतानं वागतं. गुडघा झिजायला लागला की मोकाट सुटतं आणि दिसेल तो धागा कापतं. आमचं म्हणणं असं, की गुडघ्यातल्या पाण्यात आणि रक्तात हे विकर किती आहे ते मोजलं, तर एक्स-रेत काही दिसायच्या आधीच दुखणं पकडता येईल. आणि नेमकं यालाच अडवणारं औषध सापडलं, तर उरलेली गादी वाचेल. या "तर" वर मी चार वर्षं काढली आहेत.

अभ्यासाला शेवटचे वीस नमुने कमी पडत होते. माणसं साठीपुढची हवीत, आयुष्यभर पायांचं काम केलेली. गुडघा सुजलेला हवा, आणि गेल्या तीन महिन्यांत त्यात कुठलंही इंजेक्शन गेलेलं नको. मुदत जूनअखेरची होती. वीस भरले नाहीत तर सगळं काम "पुरावा अपुरा" या दोन शब्दांत गुंडाळलं जाणार होतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी रखडत चाललेली माझी पीएच.डी.ही त्याच्याबरोबर.

सावनेर तालुक्यात कन्हान नदीकाठी खापा म्हणून गाव आहे. तिथं खड्ड्यात पाय सोडून बसायचे हातमाग चालायचे, काही अजून चालतात. दिवसभर दोन्ही पायांनी आळीपाळीनं पट्ट्या दाबायच्या, असं तीस-चाळीस वर्षं. माझ्या दृष्टीनं याहून चांगलं गाव नव्हतं. तिथल्या पराते गुरुजींचा नंबर कुणीतरी दिला. निवृत्त मुख्याध्यापक, गावात शब्दाला मान. फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमी फक्त या. बाकीचं माह्यावर सोडा." मी पत्रात सगळं रीतसर कळवलं आणि शेवटी लिहिलं, "रुग्णांची पूर्वतयारी करून ठेवावी." मला म्हणायचं होतं, वयाचे दाखले, जुने एक्स-रे, असलंच काहीतरी. आता वाटतं, ती ओळ लिहिताना माझा हात का मोडला नाही!

पहिला दिवस : नागपूर

मे महिन्यात नागपूरला जाऊ नये असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि सगळ्यांचं बरोबर होतं. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि चपलेतून चटका लागत होता. घ्यायला डॉक्टर मेश्राम आल्या होत्या. हाडांच्या डॉक्टर, वय जेमतेम तेहतीस, स्कूटरवर बसल्यासारखी मोटार चालवणाऱ्या. पाणी काढायचं काम त्याच करणार होत्या. त्यांनी नमस्काराआधी माझ्या हातात ओढणी कोंबली. "तोंड झाका मॅडम, नाहीतर संध्याकाळपर्यंत तुमाले कोणी ओळखणार नाही." नागपूरच्या रस्त्यावर सगळ्या बायका अशाच तोंड बांधून हिंडतात, फक्त डोळे दिसतात. आमच्याकडे अशी बाई दारात आली तर आधी कडी लावतील.

नाश्त्याला तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि माणसं उभ्यानं, घाम पुसत, पुन्हा मागून खातात. दुपारी सावजी मटण. डॉक्टर म्हणाल्या, "झेपेल ना?" मी सांगली-कोल्हापूरकडची, तिखटाचा प्रश्न मला विचारावा हेच मला अपमानास्पद वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. तिसऱ्या घासाला माझे कान बंद झाले. पाचव्याला डॉक्टर काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ दिसत होते, आवाज येत नव्हता. शेवटी हॉटेलवाल्यानं न सांगता दह्याची वाटी आणून ठेवली. तिखटाबद्दलचं माझं मत मी तेव्हापासून स्वतःपाशीच ठेवते.

खरा गोंधळ दुपारनंतरचा. काढलेलं पाणी लगेच गोठवलं नाही तर त्यातलं विकर बिघडतं, म्हणून सुका बर्फ लागतो. ज्या पुरवठादारानं महिन्याभरापूर्वी "हो" म्हटलं होतं, त्यानं दोन वाजता हात वर केले. मी डोकं धरून बसले. डॉक्टर निवांत. "टेन्शन नका घेऊ. लग्नाचा सीझन चालू आहे." मला वाटलं, उन्हानं यांचं डोकं फिरलं. पण त्यांनी गाडी कामठी रोडला काढली आणि एका मंडप-डेकोरेशनच्या दुकानासमोर उभी केली. नवरा-नवरी मांडवात येतात तेव्हा पायाशी पांढरा धूर सोडतात, तो सुक्या बर्फाचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुकानाचे मालक बबलूभाऊ. पन्नाशीचे, गळ्यात मोजपट्टी, बोलणं मोजून-मापून.

"किती पाहिजे?"

"दहा किलो."

"एन्ट्री एकट्या नवरीची का जोड्याची?"

"नवरी नाही. गुडघ्यांतलं पाणी गोठवायचंय."

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली, "हाव भाऊ. गुडघेच आहेत."

"किती गुडघे?"

"वीस."

"म्हणजे दहा लोकं."

"नाही, वीस लोक. एकेकाचा एकच गुडघा."

बबलूभाऊंनी मोजपट्टी गळ्यातून काढली आणि गंभीरपणे विचारलं, "मंग दुसऱ्या गुडघ्यानं काय पाप केलं?"

मी त्यांना समजावलं, की दोन्ही गुडघे एकाच माणसाचे घेतले तर हिशेब चुकतो, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "पाहा मॅडम, फंक्शन कोणाचं आहे ते मी पाहात नाही. माह्याकडचा माल गेला तं एन्ट्री झाली पाहिजे. उद्या सकाळी मी स्वतः खाप्याले येतो." मी नको म्हणाले, तीनदा म्हणाले. पण नागपूरकडे "नको" हा शब्द आग्रहाची सुरुवात समजतात.

दुसरा दिवस : खापा

सकाळी लवकर निघालो. वाटेत संत्र्याच्या बागा, पण मे महिन्यात त्या काय दिसणार! धुळीनं माखलेली हिरवी झाडं, एवढंच. कन्हानच्या पात्रात वाळूच जास्त होती, पाणी कडेकडेनं चाललं होतं. गावात शिरल्यावर एखाद्या घरातून मागाची खटखट ऐकू आली. मी त्या आवाजाला डॉक्टरांची गाडी थांबवायला लावली आणि उगाचच दोन मिनिटं उभी राहिले. मला फार बरं वाटलं.

गुरुजी शाळेच्या दारात उभे होते. पांढराशुभ्र सदरा, पायजमा, अंगकाठी बारीक, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडे जाणारा. त्यांनी आधी माझ्या हातात एक कांदा दिला. "जवळ ठेवा मॅडम. ऊन बाधत नाही." मला खिसा नव्हता म्हणून मी तो कागदपत्रांच्या पिशवीत टाकला. सगळ्या संमतीपत्रांना अजून त्याचा वास आहे.

मग सभागृहात नेऊन माझा सत्कार केला. नारळ, पुष्पगुच्छ आणि शाल. शाल लोकरीची. त्या उन्हात, दोन कूलर नुसतीच गरम हवा फेकत असताना, गुरुजींनी ती माझ्या खांद्यांभोवती घट्ट लपेटली आणि ती काढणं उद्धटपणाचं दिसेल म्हणून मी दुपारपर्यंत तशीच बसून राहिले. समोर तीस माणसं ओळीनं बसली होती, म्हातारी, धुतलेल्या कपड्यांतली, केस चापूनचोपून बसवलेली.

मी त्यांना विकराबद्दल सांगितलं. कूर्चा म्हणजे विणलेली गादी, कोलॅजन म्हणजे तिचे धागे, आणि हे विकर धागे कापतं. पुण्यामुंबईच्या परिषदांत हे समजावायला मला चित्रं लागतात. इथं पहिल्या ओळीतले एक आजोबा लगेच म्हणाले, "म्हणजे गुडघ्याले कसर लागली म्हणा ना!" कपड्याला लागते ती कसर. सगळ्या सभागृहानं मान डोलावली. दुसऱ्यानं विचारलं, "मंग ते सगळे कापणारे मारून टाकत काहून नाही?" मी म्हटलं, पूर्वी तसल्या औषधांचा प्रयत्न झाला, पण अशी कातरणारी विकरं शरीरात पुष्कळ असतात आणि त्यातली बरीच उपयोगाची असतात. सगळ्यांनाच अडवलं तर सांधे उलट आखडतात. "बराबर आहे," आजोबा शेजाऱ्याला म्हणाले. "घरातल्या साऱ्या कातऱ्या उचलून नेल्या, तं ठाण कापाचं कशानं?" चार वर्षांत माझ्या मार्गदर्शकांनाही मी इतक्या लवकर पटवू शकले नव्हते.

तेवढ्यात सनई सुरू झाली. बबलूभाऊ आले होते. तपासणीच्या खोलीच्या दारात त्यांनी लाल गालिचा अंथरला, यंत्र लावलं, आणि दारातून पांढरा धूर लोळत बाहेर यायला लागला. मी ओरडले, "अहो, तो बर्फ नमुन्यांसाठी आहे!" ते म्हणाले, "तुमचा दहा किलो बाजूले ठेवला आहे मॅडम. हा माह्याकडून." गुरुजींना हे इतकं आवडलं की त्यांनी माइकवरून एकेकाचं नाव पुकारायला सुरुवात केली. आणि धुरातून एकेक म्हातारा, एकेक म्हातारी, हात जोडून, हळूहळू चालत पुढे येऊ लागली.

हळूहळू, पण सरळ. हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. एकही लंगडत नव्हतं.

डॉक्टर मेश्रामांनी पहिला गुडघा दाबून पाहिला. दुसरा पाहिला. सातव्याला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सूजच नाही. सगळे कोरडे आहेत." तिसावा गुडघाही कोरडा निघाला. त्यांच्यातल्या एक आजी तर मला दिलासा द्यायला म्हणून उठाबशा काढून दाखवायला लागल्या.

"गुरुजी," मी विचारलं, "ही माणसं आजारी आहेत ना?"

"होती," गुरुजी अभिमानानं म्हणाले. "आता फस्क्लास आहेत. मागच्या सोमवारी कामठीवरून एक डॉक्टर बोलावले. तीसही लोकाईच्या गुडघ्यातलं पाणी काढलं, एकेक इंजेक्शन देलं. तुमी लिहिलं होतं ना, तयारी करून ठेवा म्हणून?"

मी एवढंच विचारलं, "ते काढलेलं पाणी कुठं आहे?"

"फेकलं ना. नालीत."

मी मटकन खाली बसले. शालीसकट, लाल गालिच्यावर, बबलूभाऊंच्या धुरात. आणि मला रडायला आलं. चांगलं हुंदके देऊन रडले, लाज वगैरे काही वाटली नाही. चार वर्षांचं काम खाप्याच्या नालीतून कन्हानला गेलं होतं.

गुरुजी घाबरले. त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. मग शेजारी उभे राहून, गुन्हा कबूल केल्यासारखे बोलायला लागले. "मॅडम, मी छत्तीस वर्षं शाळेत काढली. साहेब तपासणीले यायचे, तं आठ दिवस आधीपासून आमी वर्ग सारवाचो, फळा रंगवाचो, हुशार पोरं पहिल्या बाकावर. ज्याले पाढे येत नाही, त्याले त्या दिवशी सुट्टी. साहेब दुरून येते, त्याच्यापुढं खराब काहून दाखवाचं? त्याले बी बरं वाटलं पाहिजे, शाळेची बी इज्जत राहिली पाहिजे. तुमी मिरजेवरून येऊन राहिल्या. तुमच्यापुढं माह्या गावानं लंगडत यावं का?"

मला रागवायचं होतं. पण हे ऐकल्यावर रागवायचं कुणावर, तेच कळेना. आमच्याकडे उलटं असतं. एरवी टुणटुणीत हिंडणारा माणूस डॉक्टरच्या दारात पाऊल टाकताच कण्हायला लागतो.

"गुरुजी, मला खराबच गुडघे हवे होते."

गुरुजी चमकले. "असं? मंग आधी सांगाचं ना! खराब तं लय आहेत. त्याईले मी आज घराबाहेर निघू नका म्हणून सांगतलं आहे."

"काहून?" मी किंचाळले. तिथं दोन दिवसांत माझीही भाषा बिघडली होती.

"तपासणी होती ना, मॅडम," गुरुजी खाली मान घालून म्हणाले.

तिसरा दिवस : पुन्हा खापा

सकाळी गावात शिरलो आणि डॉक्टरांनी करकचून ब्रेक दाबला. चौकात पाच-सहा माणसं चालली होती, सगळी लंगडत. पानाच्या टपरीवाला लंगडत बाहेर आला. दूधवाला सायकल हातात धरून लंगडत होता. पंचविशीचा एक गडी आम्हाला पाहून आधी डाव्या पायानं लंगडला, मग आठवण झाल्यासारखा उजव्या.

"काल सगळे पळून राहिले होते," डॉक्टर म्हणाल्या, "आज सगळे लंगडून राहिले. हे गाव आहे का सर्कस?"

उलगडा चहा देणाऱ्या बाईंनी केला. कपबशी घेऊन त्या स्वतःच पाय ओढत आल्या होत्या. "काल तुमी रडल्या ना बाई. इतक्या दुरून आल्या अन् गावात कोणी लंगडं भेटलं नाही म्हणून. आमाले लय वाईट वाटलं." मी त्यांना म्हटलं, आता पुरे, नीट चाला. त्या म्हणाल्या, "असू द्या, असू द्या," आणि तशाच लंगडत परत गेल्या. कालच्या तीस जणांपैकी निम्मे शाळेच्या ओट्यावर कण्हत बसले होते. उठाबशा काढणाऱ्या आजींना तर दोघांनी धरून आणलं होतं. या पाहुणचारापुढे हात टेकले मी.

खरे रुग्ण मात्र घरात दारं लावून बसले होते, आणि ते रुसले होते. काल आम्हाला लपवलं, आज आमची गरज पडली का, असा सवाल होता, आणि तो रास्तच होता. गुरुजी घरोघर फिरले. मी आणि डॉक्टर मागे. आयुष्यभर ज्यांच्या पोरांचे कान त्यांनी पिळले, त्यांच्या ओट्याशी उन्हात उभे राहून गुरुजींनी स्वतःचे दोन्ही कान धरले आणि म्हणाले, "चुकलं माह्यं." चारपाच घरी असे कान धरल्यावर बातमी पुढे धावली. मग गुरुजी कान धरताना पाहायला मिळावेत म्हणूनच लोक रुसून बसायला लागले. एका आजोबांनी तर नातवंडं गोळा होईस्तोवर थांबायला लावलं. गुरुजींनी सगळीकडे धरले. मला कालचा राग आठवून लाज वाटली.

अकराच्या सुमारास रिक्षा भरभरून खरे गुडघे शाळेत यायला लागले. काय गुडघे होते! सुजलेले, वाकडे, हात लावला तर गरम. डॉक्टर मेश्राम एकदम वेगळ्याच झाल्या. बडबड बंद, हात स्थिर. प्रत्येक गुडघा साफ करायचा, सुई घालायची, पातळ पिवळसर पाणी नळीत भरायचं. बबलूभाऊंनी धुराचं यंत्र गुंडाळून ठेवलं होतं आणि ते बर्फाच्या पेटीजवळ खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक नळी ते दोन्ही हातांनी घेत आणि पेटीत ठेवताना आकडा मोठ्यांदा सांगत. "बारा झाले मॅडम." "पंधरा झाले."

माझं काम संमतीपत्र वाचून दाखवण्याचं. त्यात एक वाक्य असतं: "या अभ्यासातून आपल्याला थेट लाभ होणार नाही." ते वाक्य मी वाचत होते. पण कसं वाचत होते, ते इथं कबूल करते. आधीचं वाक्य सावकाश, नंतरचं सावकाश, आणि हे मधलं पाण्याच्या घोटासारखं भर्रकन. कायद्यानं मी वाचलं होतं. कुणीही काही विचारलं नाही. सगळे अंगठे, सगळ्या सह्या झाल्या, आणि चारच्या सुमारास बबलूभाऊ म्हणाले, "एकोणीस."

विसाव्या तुळसाबाई. त्र्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, हाडापेरानं मोठ्या. गुरुजींना सगळ्यात उशिरा माफ केलेल्या. उजवा गुडघा नारळाएवढा. खुर्चीवर बसायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. मी कागद काढला आणि वाचायला लागले. ते वाक्य आलं, मी ते उडवलं, पुढे गेले.

"थांब वं," तुळसाबाई म्हणाल्या. "ते मंघाचं परत वाच. सावकाश वाच."

मी वाचलं. सावकाश वाचलं. खोलीत सुई टोचून झालेली एकोणीस माणसं भिंतीला टेकून बसली होती, त्यांनी माना वळवल्या. त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"म्हणजे औषध नाही भेटणार?"

गुरुजींनी तोंड उघडलं, "अवं तुळसाबाई, मॅडम आता लवकरच—"

"मास्तर, तुमी चूप राहा. तिले बोलू द्या."

मला सांगायला पाहिजे, की त्या क्षणी माझ्या जिभेवर "लवकरच" हाच शब्द आला होता. एक नमुना राहिला होता. हो म्हटलं असतं तर कुणीही मला विचारायला येणार नव्हतं. आणि खरं सांगितलं तर ही एक तर जाणारच होती, पण बाकीच्या एकोणीस जणांनाही "आमचं पाणी परत द्या" म्हणायचा हक्क होता. तेही याच कागदावर लिहिलेलं होतं. पेटी समोर होती.

"नाही भेटणार," मी म्हणाले. "आम्ही आत्ता फक्त बघतोय, की हे विकर पाण्यात सापडतं का, किती सापडतं. औषध निघायला दहा वर्षं लागतील. पंधरा लागतील. कदाचित निघणारही नाही. तुमच्या या गुडघ्याला त्याचा काही उपयोग होणार नाही. तुम्हाला पटत नसेल तर उठून जा, मी काही म्हणणार नाही." मग भिंतीकडे वळून तेच सगळ्यांना सांगितलं. ज्यांना परत हवंय त्यांनी हात वर करा म्हटलं.

कुणीच हललं नाही. सगळे तुळसाबाईंकडे बघत होते. मला वाटलं, संपलं.

"मी पोर होती तवापासून मागावर बसली," त्या म्हणाल्या. "बारीक सुताची पातळं, रेशमाचे काठ. लय विणली. त्यातलं एक बी माह्या अंगाले लागलं नाही. कोण नेसली, कोठं नेसली, मले काय ठाऊक? ते काय मी नेसाले विणत होती का?"

त्यांनी लुगडं गुडघ्यावर सारलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "काढ वं."

डॉक्टरांनी सुई घातली तेव्हा तुळसाबाईंनी गुरुजींच्या नावानं अशी एक शिवी हासडली की ती इथं लिहिता येत नाही. गुरुजी "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाले. नळी भरली. त्यावर आकडा घालायचं काम माझं होतं. माझे डोळे भरलेले होते, त्यामुळे तो आकडा वेडावाकडा आला. मिरजेच्या प्रयोगशाळेत आता वीसही नळ्या उणे ऐंशी अंशांच्या शीतकपाटात आहेत, मोजणी चालू आहे, आणि सगळे एका नळीकडे बोट दाखवून मला विचारतात, ही कुठली, हिच्यावर काय लिहिलंय. मी सांगते, ती वीस नंबरची. तिच्यावर नवी चिठ्ठी लावू का म्हणाले, तर मी लावू दिली नाही.